दोन तासांचं पाणी

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जयराम पगारेने बायकोला फिरायला म्हणून कुठे नेलं नव्हतं. नेलं ते लग्नकार्याला, मयताला आणि दवाखान्यात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक असलेला हा माणूस धरण, पाट आणि जेवणाचा डबा एवढ्यात सुखी होता. पंचवटी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण संध्याकाळी गंगेवर, गोदावरीच्या घाटावर जाऊन दोघांनी भेळ खाल्ली असंसुद्धा कधी झालं नव्हतं. यशोदा शेजारच्या कमळाबाईंना म्हणायची, "ह्यांचं लग्न धरणाशी लागलंय. मी नुसती करवली."

आणि अशा माणसाला त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात काय सुचावं! शनिवारी दुपारी घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "यशोदे, पिशवी भर. आपण दोघं चाललोय."

"कुठं?"

"ते सांगितलं तर मजा काय राहिली?"

"तुम्ही तर देवळ्याला जाणार होता ना, कामासाठी?"

"थाप होती ती," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला. "पोरीला कमळाबाई सांभाळतील. त्यांना आठवड्यापासून माहीत आहे. गल्लीत एक तुलाच माहीत नाही."

यशोदाही हसली. पण थापेचं असं असतं की ऐकणारा ती खरी धरून चालतो आणि तिच्यावर आपली घडी बसवतो. नवरा देवळ्याला जाणार हे धरून यशोदेने शुक्रवारीच एक काम उरकून टाकलं होतं. ते आता सांगितलं पाहिजे.

तिला लहानाची मोठी केली ती भागीबाई नावाच्या आत्याने. ही आत्या जयरामच्या धरणाखाली, हरसूलकडच्या डोंगरात एका पाड्यावर राहायची. गावाच्या कडेला बौद्धांची दहा घरं, आणि गावच्या विहिरीवर त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. तो येईपर्यंत पोहऱ्यात गाळच यायचा. म्हणून उन्हाळ्यात ह्या बायका कोरड्या नदीत झिरा खणायच्या. म्हणजे वाळूत खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरेपर्यंत उन्हात बसून राहायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. एप्रिलात आत्या नाशकाला आली तेव्हा तिच्या बोटांची नखं झिजून गेली होती.

"तुहा नवरा पाण्याचा धनी," ती यशोदेला म्हणाली होती, "अन् आम्ही वाटीनं पाणी भरतो. त्याला म्हणावं दोनच तास सोड. नदीतली डबकी भरली तरी लय झालं."

यशोदेने जयरामला सांगून पाहिलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. "पाणीपाळी महिनाअखेरीला. त्याआधी थेंब सुटणार नाही. आणि हा विषय ह्या घरात परत नको." विषय खरंच परत निघाला नाही. पण आत्याची बोटं यशोदेच्या डोळ्यांपुढून हलेनात.

शुक्रवारी धरणावरचा चौकीदार केरू दाराच्या चाकाला लावायचं ग्रीस न्यायला घरी आला. जयराम ऑफिसात होता. यशोदेने त्याला चहा दिला आणि स्वतःलाही ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब देवळ्याला चाललेत. त्यांनी सांगितलंय, रविवारी सकाळी धरणाचं दार दोन तास उघडायचं."

केरूने कपबशी खाली ठेवली. "किती उघडायचं?"

"नेहमीसारखं."

"बरं वहिनी," केरू म्हणाला आणि डबा घेऊन गेला. इतकं सोपं काम असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने हरसूलच्या गाडीतल्या ओळखीच्या बाईबरोबर आत्याला निरोपही धाडला. सोमवारी नवऱ्याला स्वतःच सांगायचं, आदळआपट होईल, दोन दिवस अबोला राहील, आणि मग सरेल. असा तिचा हिशेब होता. म्हणून शनिवारी हा फिरायला नेतो म्हणाला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. माणूस धरणापासून लांब आणि आपल्या डोळ्यांसमोर राहील. कुठे नेतोय हे तिने फारसं विचारलंही नाही.

एसटीने संध्याकाळी त्यांना डोंगरात एका फाट्यावर सोडलं. यादव नावाच्या म्हाताऱ्या मुकादमाकडे ते मुक्कामाला राहिले. जयरामच्या हाताखाली काम केलेला हा माणूस त्यांना पाहून हरखून गेला आणि त्याच्या बायकोने कोंबडं कापलं. सकाळी उजाडल्यावर जयराम तिला माळावरून चालवत एका कड्याशी घेऊन आला. पायाखाली जमीन दुभंगून खोल घळ पडली होती.

"हिच्यातून जायचं," तो म्हणाला. "दिवसभर चालायचं."

आत उतरल्यावर यशोदेचा जीव गारच झाला. वर मे महिना भाजत होता आणि इथे तळाशी अजून ऊन पोहोचलं नव्हतं. दोन बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, मधे दोन बैलगाड्या जेमतेम बसतील एवढी वाट. नदी आटली होती, पण कुठे कुठे कुंडांत हिरवं, स्वच्छ पाणी होतं. जयराम तिला हात देत होता, पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता. एका कुंडात दोघांनी पाय सोडले. त्याने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. ते त्याने कमळाबाईंकडून करून घेतले होते. यशोदेला वाटलं, हा माणूस नऊ वर्षं कुठे दडून बसला होता? तिला रडायला आलं, इतकी ती खूश होती.

तासाभराने एका वळणावर तो थांबला. कातळावर पांढऱ्या रंगाच्या आडव्या रेघा होत्या, पुसट झालेल्या. जयरामने त्यांच्यावरून हात फिरवला.

"ही माझ्या हातची निशाणी आहे. धरण बांधत होते तेव्हा पाणी किती चढतं ते मोजायला मी इथे उतरायचो. तेव्हा लग्न नव्हतं झालं. तेव्हाच ठरवलं होतं, बायको आली की तिला ही घळ दाखवायची."

"कुठलं धरण?" यशोदेने विचारलं.

"कुठलं म्हणजे? आपलं. त्या मागच्या वळणापासून कोसभर वर. आणि ही नदी जाते तुझ्या आत्याच्या पाड्याला. संध्याकाळी तिच्याकडेच जेवायला जायचंय." तो हसत होता. "कळलंच नाही ना तुला? म्हणून तर पलीकडच्या अंगाने आणलं. पाड्यावरचं कोणी ह्या घळीत इतक्या वर येत नाही."

 यशोदा तिथल्या तिथे दगडावर बसली.

आता शहाण्या माणसाने काय करावं? तोंड उघडून सांगावं. पण संसारात शहाणपण वेळेवर सुचलं असतं तर आणखी काय हवं होतं! तिला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटली: पाण्याची आणि नवऱ्याची. आणि तिचा मूर्खपणा असा की आधी तिने नवऱ्याचीच भीती धरली. न सांगता ह्याला वर काढता आलं तर? "मला घरी जायचंय," ती म्हणाली. "पोरीची आठवण येतेय."

"काल तर निघालो!"

"माझं पोट दुखतंय. आपण आत्ताच्या आत्ता वर चढू."

झालं उलटंच. जयरामने तिला सावलीत नेऊन आडवं केलं. रुमाल ओला करून कपाळावर ठेवला. "मीच दमवलं तुला. रात्रीचं कोंबडं बाधलं असेल. पड जरा, मग निघू," असं म्हणत तो तिचे तळपाय चोळत बसला. नऊ वर्षांत त्याने तिच्या पायाला हात लावला नव्हता. घळीच्या तोंडावर वर ऊन चढत चाललं होतं. प्रत्येक क्षण हा माणूस प्रेमाने वाया घालवत होता आणि ती त्याला घालवू देत होती.

शेवटी ती ताडकन उठून बसली. "अहो, केरू पाणी सोडणार आहे. आज. सकाळी."

"केरू? माझ्या तोंडचा शब्द ऐकल्याशिवाय केरू चाकाला हात लावत नाही." तो हसला. "म्हणून तर मी तुला निर्धास्त इथे आणलं. ह्या नदीत माझ्याशिवाय पाणी येत नाही."

"तुमचा शब्द त्याला मी दिला. तुमच्या नावाने. आत्यासाठी."

जयराम तिच्याकडे बघतच राहिला. त्याला ते खरं वाटेना. तो काहीतरी बोलणार, तोच लांबून, वरच्या अंगाने आवाज आला. टण्. मग पुन्हा, मग पुन्हा. धरणावर लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दार उघडण्याआधी नदीत कोणी असेल त्याने बाहेर पडावं म्हणून केरू त्यावर घण मारायचा. ही पद्धतही जयरामनेच घातलेली होती.

"चल!" तो ओरडला.

ज्या वाटेने आले ती लांब मागे, धरणाच्याच बाजूला राहिली होती. खाली घळ आणखी अरुंद. जयराम भिंती बघत धावत सुटला, ती मागून धडपडत. एका ठिकाणी उंबराची मुळं कातळावरून खाली लोंबत होती आणि त्यांच्यावर दोन माणसं टेकतील अशी कपार होती. त्याने तिला खांद्यावर उभं केलं. ती मुळाला धरून, गुडघे सोलपटून घेत, कशीबशी वर चढली. तेवढ्यात गिरणी सुरू व्हावी तशी घरघर ऐकू आली. वळणावरून आधी वाऱ्याचा झोत आला, पालापाचोळा आला, आणि त्याच्यामागून तांबूस पाणी.

"या! अहो या!" ती किंचाळली.

तो मुळाला लोंबकळला, पाय घसरला, घोटा कातळाच्या फटीत अडकला. पाणी त्याच्या मांड्यांना भिडलं. यशोदेने पालथी पडून त्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि ओढलं. ती काय ओढते आहे, किती जोर आहे तिच्यात, तिचं तिला कळत नव्हतं. सदरा उसवला. तिने त्याचे केस धरले. कसा तरी तो वर आला आणि दोघं कपारीत एकमेकांवर पडले. त्याचा घोटा बघता बघता टम्म सुजला.

 खाली आता पाणी निवळून हिरवं वाहत होतं, माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं. कपारीच्या वर सरळसोट कडा होता.

"जगलो," यशोदा म्हणाली. "दोन तास काढायचे. मग करेल बंद तो."

"कोणाच्या सांगण्यावरून?" जयरामने विचारलं.

तिला समजलं नाही.

"मागे एकदा वरच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली होती. केरूला दम देऊन त्यांनी दार मधेच बंद करायला लावलं. खालच्यांचं पाणी गेलं. तेव्हापासून त्याला माझी ताकीद आहे. दार उघडायचं माझ्या शब्दावर आणि बंद करायचं तेही माझ्याच शब्दावर. तिथे प्रत्यक्ष मी आल्यावर. कोणी मुडदा पाडला तरी." तो पाण्याकडे बघत होता. "केरू आता माझी वाट बघत बसला असेल, देवळ्याहून येईन म्हणून. तो काही बंद करायचा नाही."

यशोदेने तोंडावर हात दाबला.

"ज्याने बंद करायचं तो इथे बसलाय," जयराम म्हणाला.

मग तो उभा राहिला, एका पायावर, भिंतीला धरून, आणि वरच्या दिशेला तोंड करून ओरडला, "केरू! बंद कर रे! बंद कर!" पाण्याच्या आवाजात ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोला कसंबसं ऐकू आलं. तो ओरडतच राहिला. घसा बसला तरी ओरडला. तिने त्याला खाली बसवायला हात धरला तर त्याने तो झिडकारला. एकदा तर त्याने सदरा काढून स्वतःला खाली झोकून द्यायची तयारी केली, पोहत वर जातो म्हणून. ह्या असल्या धारेविरुद्ध आणि त्या पायाने! यशोदेने त्याच्या कमरेला मिठी घातली. "मग पोरीला काय सांगू?" ती म्हणाली, तेव्हा तो खाली बसला.

"पाड्याचं जूनपर्यंतचं पिण्याचं पाणी आहे ते," तो म्हणाला. "पाऊस पडेपर्यंत तेवढंच आहे. मी थेंब थेंब राखत होतो. तुझ्या आत्याच्याच घशासाठी राखत होतो, यशोदे."

"मग तिला सांगायचं नाही का तसं? मला सांगायचं नाही का? नुसतं 'हा विषय नको!'" तिलाही आता राग आला. मरणाच्या दारात बसून राग येतो, हे खरं आहे. "तिची नखं बघितली होती तुम्ही?"

"बघितली होती." तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या साहेबाने दोन तास आधी सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, दयाळू आहे. मी सोडलं असतं तर म्हणाले असते, आपल्या लोकांसाठी सोडलं. टपून बसलेत माझ्यावर. म्हणून मी तिच्या हातांकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तुझ्यासमोर घास उतरेना, तरी केलं."

 नऊ वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलला तोही असा, सगळं हातचं जात असताना. तिने त्याचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला. ह्या वेळी त्याने झिडकारलं नाही.

"मी सगळ्यांना सांगेन, मीच केलं," ती म्हणाली.

"सांग. केरू म्हणेल साहेबांचा हुकूम होता, आणि तो खोटं बोलत नसेल. तू माझ्या नावाने सांगितलंस. म्हणजे मीच."

ऊन घळीत आलं, डोक्यावर बसलं आणि पलीकडच्या भिंतीवर चढलं. कातळ तापून पाठीला चटके बसत होते आणि हाताखाली एवढं पाणी असून घसा कोरडा पडला होता. पाणी तसूभर कमी झालं नाही. यशोदेने आधी ते उतरावं म्हणून मनोमन विनवणी केली. मग तिला पोर आठवली, कमळाबाईंच्या दारात बसलेली, आणि तिने तोंडाने मोठ्याने विनवणी सुरू केली: थांब, बाबा, आता थांब. जयराम डोळे मिटून पडून होता. तिला वाटलं, त्याला झोप लागली.

दिवस कलताना तिने खाली पाहिलं आणि ती ओरडली, "अहो, उतरलं! पाणी उतरलं! बंद केलं त्याने!"

खरंच उतरलं होतं. कातळाचा ओला पट्टा हातभर वर राहिला होता, आणि तो बघता बघता वाढत होता. तिने जयरामला हलवलं, त्याच्या गळ्यात हात टाकला, वेड्यासारखी हसली. त्याने डोळे उघडून खाली पाहिलं. हिरवं पाणी गढूळ झालं होतं. मग काळं झालं, घट्ट झालं, आणि त्या चिखलाबरोबर मासे आले. लहान, मोठे, पांढऱ्या पोटांचे, तडफडत.

"दार बंद केलं असतं तर पाणी शेवटपर्यंत स्वच्छ आलं असतं," जयराम म्हणाला. "हा तळाचा गाळ आहे. संपलं ते."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिने त्याला लग्नात, मयतात, पोर झाली तेव्हा पाहिलं होतं. रडताना आजवर पाहिलं नव्हतं.

ते खाली उतरले. आता वर जाऊन करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पाडा धरणापेक्षा जवळ होता. तिच्या खांद्यावर भार टाकून, चिखलातून एक एक पाऊल लंगडत, तो चालत होता. घळ रुंद होत गेली, आभाळ मोठं झालं, आणि समोरून बायकांचा कलकलाट ऐकू आला. पाड्यावरच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन नदीतून वर येत होत्या. सगळ्यांत पुढे भागीबाई, भिजून चिंब, पदराचा ओचा करून काहीतरी धरलेली.

"जावईबापू!" ती लांबूनच ओरडली. "जयभीम! अवो, सोताच आला का बघाया? अन् पायाला काय झालं?" जवळ येऊन तिने ओचा उघडून दाखवला. त्यात मासे होते. "पाणी तर दिलंच, वर मासं बी धाडलं! सगळी डबकी भरली. पोरं सकाळपून पाण्यात हाईत, निघंनात." तिने यशोदेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "माही पोर गुणाची. आता महिनाअखेरीला बी असंच मोप सोडा बरं का."

"आत्या," जयराम म्हणाला, "मी..."

यशोदेने त्याचा दंड दाबला. "त्यांनी नाही, आत्या. मी सोडायला लावलं. चोरून. दोनच तासांचं म्हणून सांगितलं होतं, पण ते बंदच झालं नाही." तिने मागे धरणाच्या दिशेला हात केला. "सगळं गेलं. धरणात आता काही नाही. पाऊस पडेपर्यंत काहीच नाही."

भागीबाई आधी हसली, तिला ती थट्टा वाटली. मग तिने जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओच्यातल्या, धरणाच्या तळातून आलेल्या माशांकडे पाहिलं. आणि गर्रकन मागे वळून, घागरी हिंदकळवत हसत येणाऱ्या बायकांवर ती जिवाच्या आकांताने ओरडली, "सांडू नका गं! थेंब सांडू नका!"